उणे वीस

आज शेवटचा दिवस, म्हणून फ्रीझरची वायर काढली
आणि दार उघडं टाकलं.
बस्त्यांव खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरतो.
एकतीस वर्षांचा बर्फ
बांबोळीच्या उकाड्यात आधी धुरकटतो, मग सुटतो.

वरच्या कप्प्यात घोणशी.
म्हणजे त्यांचं विष, वाळवलेलं, पिवळं,
खडीसाखरेचा चुरा वाटावा असं.
चिठ्ठीवर माझंच बारीक अक्षर: मादी, धारबांदोडा, काजूची बागायत.
खालच्या कप्प्यात मुलं.
म्हणजे त्यांची लघवी, पाच पाच मिलिलिटर.
तपासणीला येणारे विचारायचे, दोन्ही एकाच कपाटात?
मी म्हणायचे, वीजही एकच येते, आली तर.

नवी होते तेव्हा सांग्याहून रात्री फोन आला:
जिवाणू चावलाय.
मी पुस्तकातल्या मराठीची. म्हटलं, जिवाणू चावत नाहीत.
पलीकडे जरा वेळ शांतता.
मग एक म्हातारा आवाज:
बाय, रातचें ताचें नांव घेनात.

त्या रात्री काचेच्या नळीत आंतोनचं रक्त घेऊन बसले.
वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची.
गोठलं तर बरं. वाहिलं तर घोणस.
त्याची बायको भिंतीशी उभी, ओंजळीत अजून काजूच्या बिया,
दर दोन मिनिटांनी: गोठलें?

वाहिलं.
अठरा कुप्या प्रतिविष दिलं, लांबच्या सापांवर बेतलेलं.
आमच्या घोणशीला ते ओळखायचं,
पण लग्नात दूरचा चुलता ओळखतो तसं.
आंतोन जगला.
त्या मोसमातले पुढचे दोघे नाही.

कुष्टाची आई वेगळंच सांगत आली होती,
नेत्रावळीहून, दोन बस बदलून.
घरात उंदीर नाही बाई, मांजर आहे,
तरी पोराच्या दुपट्याला उंदराचा वास.
चार वर्षांचा. केस मक्याच्या तुऱ्यासारखे. शब्द एकही नाही.
लघवीत दोन थेंब टाकले आणि नळी हिरवी झाली,
इतकी सुंदर हिरवी
की मला माझ्या डोळ्यांची लाज वाटली.

यकृतात एक विकर नाही.
आईकडून एक चूक आली, बापाकडून तीच.
विकर ह्या शब्दाला एक काना जास्त लागतो
आणि त्याचा विकार होतो, एवढंच.
हे मी फळ्यावर शिकवायचे, मुलं लिहून घ्यायची.
तिला नाही सांगता आलं. तिने कागदावर अंगठा उठवला
आणि विचारलं, बोलेल ना?

आणि वरच्या कप्प्यात, त्या पिवळ्यातच,
असं एक विकर होतं
जे कुष्टाच्या रक्तात साठलेलं नेमकं तेच फोडायचं, सहज.
तीन वर्षं मी नीट झोपले नाही.
साप देईल आणि मूल घेईल,
असं वाटण्याचं माझं वय होतं.
बशीतल्या पेशींवर घातलं. फोडलं त्याने, फोडलं,
पण फोडता फोडता जो पेरॉक्साइड सुटला
त्यात पेशीही गेल्या. सगळ्या.
त्याचा शोधनिबंध झाला. माझी बढती झाली.

धाकटी दुर्गी. तिची टाच तिसऱ्याच दिवशी टोचली.
डाळ नाही, दूध मोजून, मासळी नाहीच.
गोव्यात वाढली आणि बांगडा कसा लागतो, ठाऊक नाही तिला.
आता पंचायतीत जन्मदाखले लिहिते.
चतुर्थीला फोन करते, इकडचं तिकडचं खूप बोलते,
आणि मग म्हणते, दादा अंगणात बसलाय.

बस्त्यांव विचारतो, लाल पिशवी की पिवळी?
कागद काढून वाचते मी नियम.
विष कशात, मूल कशात,
त्यात नीट लिहिलेलं नाही.

एक कुपी मुठीतच राहिली.
तारीख पुसलेली, नाव लागतं.
ठेवीन म्हणता म्हणता तिथेच वितळली, बूच सैल.
बस्त्यांव फडकं पिळता पिळता थांबतो,
नाक वर करतो:
बाय, हांगा खंय तरी उंदीर आसा.